गच्चीवरचा दिवा



बँकेत 36 वर्षं मान खाली घालून आकडे जुळवले. रिटायर झाल्यावर मान वर केली, एवढंच.

21 डिसेंबर 2020 ची संध्याकाळ आठवते ना? पश्चिमेला गुरू आणि शनी इतके जवळ आले होते की मधलं अंतर चंद्रबिंबाच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढं. दुर्बिणीत एकाच वेळी शनीची कडी आणि गुरूचे चंद्र! मास्क लावून तुम्ही एकेक करून गच्चीवर आलात. कोरोनात यजमान गेल्यापासून घराबाहेर न पडलेल्या एक आजीही आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांना दाखवायला हवं होतं." मला काही बोलता आलं नाही.

फोटोला फार काही लागत नाही. साधा कॅमेरा, ट्रायपॉड, 18 एमएमची लेन्स, शटर 15 सेकंद. त्याहून फार वाढवलं तर पृथ्वी फिरत असल्यामुळे ताऱ्यांच्या रेघा उमटतात. मृगातला तेजोमेघ, सुमारे 1300 प्रकाशवर्षं लांबचा, मला आपल्या पाण्याच्या टाकीशेजारून मिळालाय.

आता मिळत नाही. चोरी झाल्यावर गच्चीवर एलईडीचा फ्लडलाइट बसवला. सुरक्षा हवीच, त्या ठरावावर माझीही सही आहे. पण 13 आणि 14 डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून उल्कावर्षाव होतो. त्या दोन रात्री तरी दिवा बंद ठेवा. राखण मी करीन, वॉचमनला चहाही मीच पाजीन.

अर्ज सेक्रेटरीसाहेबांकडे दिलेला आहे. पोच घेतली आहे.