संकोचाचा विकार आणि इंजेक्शनाचा खर्च

लिंगशैथिल्याविषयी भिंतीवरच्या जाहिराती मोठ्याने बोलतात. रुग्ण मात्र मौन पाळतो. वस्तुतः मधुमेहींमध्ये हा विकार वारंवार आढळतो. पॅरिसचे शल्यचिकित्सक रोनाल्ड व्हिराग यांनी पॅपाव्हेरिनच्या इंजेक्शनाचा परिणाम १९८२ साली प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये अमेरिकेत अल्प्रोस्टाडिल या औषधास मान्यता मिळाली. पहिले इंजेक्शन डॉक्टरांच्या समक्षच घ्यावयाचे असते, कारण मात्रा व्यक्तिगणिक भिन्न असते. ताठरता चार तासांहून अधिक टिकल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. घरी टोचून घेण्याचे तंत्र त्यानंतर शिकविले जाते.

खर्चाचे काय? अमेरिकेतील वृद्धांच्या मेडिकेअर विमायोजनेने या विकारावरील औषधे २००७ पासून औषध-विभागातून वगळली. मधुमेहावरील औषधांना तेथे विम्याचा आधार आहे. त्याच मधुमेहाने ओढवलेल्या या व्याधीचा भार रुग्णाने स्वतः उचलावयाचा, ही विसंगतीच होय.