ग्रंथालयाचा मुखत्यार

(हरसूल येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



जमिनीच्या कामासाठी ज्यांनी कधी मुखत्यारपत्र केले असेल, त्यांना आजचा विषय लगेच कळेल. आपण हरसूलला, काम नाशिकला. म्हणून विश्वासातल्या माणसाला आपल्या वतीने सही करण्याचा अधिकार लिहून देतो. कोणत्या गटाचे काम, कोणत्या कचेरीत, हे कागदावर नमूद असते. जे लिहिलेले नाही त्याला तो हात लावू शकत नाही.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातही असा एक मुखत्यार असू शकतो. त्याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात. ग्रंथालय पैसे भरून संशोधनाची नियतकालिके घेते. प्रकाशक त्याला ओळखतो ते तिथल्या संगणकांच्या आयपी क्रमांकावरून. मुलगी सुटीत घरी आली आणि मोबाईलवर तोच लेख उघडू लागली, की क्रमांक निराळा! प्रकाशक दारातच अडवून डॉलरमध्ये किंमत सांगतो. प्रॉक्सी आधी तिचे नाव व पासवर्ड तपासतो, मग महाविद्यालयाच्या क्रमांकावरून लेख मागवून तिच्या हाती देतो. या कामाचे इझीप्रॉक्सी हे सॉफ्टवेअर अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात ख्रिस झागर या ग्रंथपालाने १९९९ साली तयार केले. २००८ पासून ते ओसीएलसी या ग्रंथालयांच्या सहकारी संस्थेकडे आहे.

त्याचे मुखत्यारपत्र म्हणजे कॉन्फिग नावाची साध्या मजकुराची फाईल. प्रत्येक संग्रहासाठी तीत काही ओळी असतात. टायटल म्हणजे नाव, यूआरएल म्हणजे प्रवेशाचा पत्ता, होस्ट म्हणजे एक दार आणि डोमेन म्हणजे त्या वाड्याची सगळी दारे. बहुतेक ओळी ग्रंथपालाला स्वतः रचाव्या लागत नाहीत. ओसीएलसी त्या तयार करून देते. त्या मुख्य फाईलमध्ये उतरवाव्यात, किंवा वेगळ्या फाईलमध्ये ठेवून मुख्य फाईलमध्ये इन्क्लूडफाईल ही एक ओळ लिहावी. मला दुसरी रीत बरी वाटते. प्रकाशकाने पत्ते बदलले की तेवढीच फाईल बदलायची. जुन्या फाईलची प्रत मात्र आधी बाजूला ठेवावी. काही सूचना त्यांच्या खालच्या ओळींनाच लागू पडतात, म्हणून क्रमही सांभाळावा लागतो. आणि सर्व्हर पुन्हा सुरू केल्याशिवाय नवी ओळ लागू होत नाही!

गेल्या दिवाळीत आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी घरी आली होती. प्रकल्पासाठी लेख हवा होता. पासवर्ड चालला, पण पुढे इंग्रजी संदेश आला. घरच्यांना वाटले, हिनेच काही बिघडवले. बिचारी चार दिवस गप्प बसली, विषयच बदलायला निघाली. शेवटी वडील फोन घेऊन माझ्याकडे आले. मी पडलो बी.ए., बी.एड.; संगणकाचा पंडित नव्हे. पण संदेश सावकाश वाचला. हा पत्ता फाईलमध्ये नोंदलेला नाही, एवढेच तो सांगत होता. आणि होस्टची कोणती ओळ घालावी, तीही खाली छापलेली होती! तिने पडद्याचे छायाचित्र ग्रंथपालांना पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी लेख उघडला.

कोणी विचारील, ग्रंथपाल एकदाच सगळ्या जगाची दारे का लिहून टाकत नाहीत? तसे केले तर मुलांचा नको तो व्यवहारही महाविद्यालयाच्या नावावर चालेल. जपून लिहिणाऱ्या ग्रंथपालाला मी कंजूष म्हणणार नाही. तसेच पासवर्ड भाच्या-पुतण्याला देऊ नका. कोणी शेकडो लेख एकदम उतरवले, तर प्रकाशक साऱ्या महाविद्यालयाचे दार बंद करू शकतो.

जिथे प्रॉक्सी नाही, तिथे प्रवेश घेतानाच एन-लिस्टची चौकशी करावी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना २०१० पासून आहे. महाविद्यालय सभासद असेल तर विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन मिळते.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर थांबतो. असा संदेश आला तर फोन घेऊन या. फक्त ते पान बंद करू नका.