तीस सेंटांचा बुधला

अमेरिकेतील मिशिगन आणि मिनेसोटा या दोन विद्यापीठांचे फुटबॉल संघ ज्या पारितोषिकासाठी एकमेकांशी झुंजतात, ते ना सोन्याचे, ना रुप्याचे. तो आहे पाणी ठेवण्याचा एक मातीचा बुधला. त्याची किंमत तीस सेंट. विकत घेतेवेळी कोणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळून पाहिले नसेल. तथापि सामना जिंकणारे खेळाडू आज तो डोक्यावर धरून मैदानभर मिरवितात, आणि हरणाऱ्यांना त्याचे रिकामे कपाट पाहवत नाही.

त्याची जन्मकथा अशी. १९०३ साली मिशिगनच्या संघाचा दबदबा काही विलक्षण होता. फील्डिंग योस्ट नावाच्या प्रशिक्षकाच्या हाती १९०१ मध्ये संघ आल्यापासून मिशिगनला पराभव ठाऊक नव्हता. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी हा संघ मिनिॲपोलिस शहरी, मिनेसोटाच्या नॉर्थ्रप मैदानावर उतरला. योस्ट मोठा सावध गृहस्थ. परक्या गावचे पाणी आपल्या खेळाडूंना बाधेल, किंबहुना कोणी ते मुद्दाम बाधविलही, असा त्याला संशय. म्हणून त्याने आपल्या विद्यार्थी-व्यवस्थापकास बाजारात पिटाळले, आणि त्याने पाच गॅलनांचा एक बुधला विकत आणला. सामना अटीतटीचा झाला. मिशिगनचे सहा गुण झाले होते; अखेरच्या काही मिनिटांत मिनेसोटानेही सहा गुण करून बरोबरी साधली. त्यासरशी प्रेक्षकांचा लोंढा मैदानात घुसला, आणि पंचांना वेळेपूर्वीच खेळ आटोपता घ्यावा लागला. त्या धांदलीत बुधला मागेच राहिला.

तो सापडला ऑस्कर मन्सन नावाच्या राखणदाराला. त्याने तो क्रीडाविभागाच्या प्रमुखांकडे नेऊन दिला, आणि त्या दोघांनी मिळून त्यावर रंगाने सामन्याची तारीख व गुणसंख्या लिहून काढली. मिनेसोटाचा सहाचा आकडा भला थोरला, मिशिगनचा सहाचा आकडा चिमुकला! पुढे योस्टने बुधला परत मागितला आणि ‘हवा असेल तर जिंकून न्या’ असे उत्तर त्याला मिळाले, अशी आख्यायिका आहे. ते पत्र मात्र आजवर कोणाच्या हाती लागलेले नाही. १९०९ मध्ये दोन्ही संघांची पुन्हा गाठ पडली, मिशिगनने सामना जिंकला आणि बुधला खरोखरच घरी नेला. ‘लिट्ल ब्राऊन जग’ म्हणजे ‘छोटा तपकिरी बुधला’ या नावाने तो प्रसिद्ध पावला. मौज अशी की मुळात तो छोटाही नव्हता आणि तपकिरीही नव्हता. त्या नावाचे एक जुने लोकप्रिय गाणे होते, त्यावरून ते नाव त्याला चिकटले असावे.

येथे एक खुलासा अवश्य आहे. मुंबईच्या कूपरेज मैदानावर ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, तो हा नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो. तो काखोटीस मारून धावावयाचे, नाहीतर सोबत्याकडे फेकावयाचा, आणि प्रतिपक्षाने धावणाऱ्यास अंगावर झेप घेऊन पाडावयाचे. पायाचा संबंध त्यात अगदी बेताचा. आरंभी मात्र तसे नव्हते. दोन महाविद्यालयांतील पहिला सामना म्हणून जो सर्वत्र मानला जातो, तो ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सी संस्थानातील न्यू ब्रन्सविक गावी रट्गर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. त्यात चेंडू वाटोळा होता, तो उचलून धावण्यास किंवा फेकण्यास मनाई होती, आणि प्रत्येक बाजूस पंचवीस-पंचवीस गडी होते. गणवेष कोणालाच नव्हता. आपला कोण व परका कोण हे ओळखू यावे म्हणून रट्गर्सच्या काही मुलांनी डोक्यास लाल फडकी गुंडाळली होती. रट्गर्सने ६ विरुद्ध ४ असा विजय मिळविला. पुढच्याच आठवड्यात प्रिन्स्टनने ८ विरुद्ध ० अशी त्याची फेड केली. आजही रट्गर्सचा रंग लालच आहे.

अमेरिकेतील सुशिक्षित कुटुंबांत अशा तपशिलांचे जे वेड आहे, त्याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. महाविद्यालयातील खेळाडू चार वर्षांचा पाहुणा. तो नाव मिळवितो न मिळवितो तोच पदवी घेऊन निघून जातो. संघ म्हणून जे काही टिकते, त्यात माणसे नसतातच. टिकतो रंग, टिकते आरोळी, टिकतो बुधला. शरदाच्या शनिवारी पन्नाशीतला डॉक्टर किंवा वकील आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या मैदानावर मुलानातवंडांना घेऊन येतो, तेव्हा समोर खेळणारी पोरे त्याच्या ओळखीची नसतात. ओळखीच्या असतात त्या या वस्तू, आणि त्या वस्तूंच्या गोष्टी.

यांतल्या कित्येक गोष्टी केवळ मनोरंजक आहेत. चाल ठरविण्यासाठी खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून जे रिंगण करतात, ते वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातून आले. तेथील मुले हातांच्या खुणांनी बोलत. प्रतिपक्षही कर्णबधिरांचाच असला म्हणजे त्याला त्या खुणा उघड्या वाचता येत. म्हणून १८९४ च्या सुमारास पॉल हबर्ड या सूत्रधार खेळाडूने सोबत्यांना भोवती गोळा केले आणि त्या आडोशात खुणा केल्या. टेक्सासमधील एका महाविद्यालयाची कथा याहून गोड आहे. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलस येथे टेक्सास ए. अँड एम. संघाचे गडी एकामागून एक जायबंदी होऊ लागले. प्रशिक्षकाने प्रेक्षागारातून किंग गिल नावाच्या विद्यार्थ्यास खाली बोलाविले. त्याने फुटबॉल सोडून बास्केटबॉल धरला होता. जखमी गड्याचा पोशाख चढवून तो मैदानाच्या कडेला सज्ज उभा राहिला, आणि सामना संपेपर्यंत उभाच राहिला. आत जाण्याची पाळी त्याच्यावर आली नाही. त्याच्या स्मरणार्थ त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी सामना चालू असता खाली बसत नाहीत. बाराव्या गड्याचा असा सन्मान अन्यत्र क्वचितच झाला असेल. नभोवाणीच्या श्रोत्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आणखी एक तारीख म्हणजे ८ ऑक्टोबर १९२१. त्या दिवशी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने पिट्सबर्ग व वेस्ट व्हर्जिनिया या विद्यापीठांचा सामना मैदानावरून प्रत्यक्ष ध्वनिक्षेपित केला, आणि मैदानापासून दूर दिवाणखान्यात बसलेला माणूसही प्रेक्षक झाला.

परंतु काही वस्तूंच्या मागे निराळा इतिहास आहे. खेळाडूंच्या डोक्यावरील शिरस्त्राण घ्या. १८९३ साली ॲनापोलिसच्या नाविक विद्यालयातील जोसेफ रीव्ह्ज या छात्रास वैद्याने बजाविले होते की, डोक्यावर आणखी एक आघात झाला तर वेड लागेल किंवा प्राण जाईल. भूसेनेच्या विद्यालयाशी होणारा वार्षिक सामना चुकविणे त्याला पटेना. तो गावातल्या चांभाराकडे गेला आणि त्याच्याकडून एक जाडजूड टोपी शिवून घेऊन खेळला. पुढे हाच रीव्ह्ज ॲडमिरल होऊन १९३४ मध्ये अमेरिकेच्या संपूर्ण आरमाराचा सेनापती झाला. एवढे होऊनही सर्व महाविद्यालयीन खेळाडूंना शिरस्त्राण सक्तीचे झाले ते १९३९ मध्ये. मधल्या शेहेचाळीस वर्षांत किती डोकी उघडी राहिली, याचा हिशेब आठवणींच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही.

१९०५ चा हंगाम तर असा गेला की खेळच बंद पडतो की काय, असे वाटू लागले. त्या एका हंगामात देशभरात अठरा-एकोणीस खेळाडू मृत्युमुखी पडल्याचे वृत्तपत्रांनी मोजले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल व प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानी बोलावून खेळ सुधारण्याविषयी बजाविले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने त्या वर्षी फुटबॉल बंदच केला, तो दहा वर्षे बंद राहिला. १९०६ मध्ये नियम बदलले. चेंडू पुढे फेकण्यास प्रथमच मुभा मिळाली, आणि माणसांच्या भिंतीवर माणसांची भिंत आदळण्याचा जो प्रकार चाले, तो बराच सैल झाला. आज प्रेक्षक ज्या लांब फेकीवर टाळ्या पिटतात, तिचा जन्म मृत्यूच्या त्या यादीतून झाला आहे.

शिकागो विद्यापीठाची हकिकत अधिक चमत्कारिक. मिशिगनचा संघ छप्पन्न सामने अजिंक्य राहिला होता, आणि त्यांत एकच सामना बरोबरीचा होता. तो अर्थातच बुधल्याचा. ही मालिका ३० नोव्हेंबर १९०५ रोजी शिकागोने २ विरुद्ध ० अशी मोडली. १९३५ मध्ये मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील उत्तम खेळाडूस देण्यासाठी एक कांस्यमूर्ती सिद्ध झाली, तीही पहिल्याप्रथम शिकागोच्याच जे बर्वांगरला मिळाली. हीच पुढे प्रख्यात झालेली हाईसमन मूर्ती. बर्वांगरला तिचे फारसे कौतुक नव्हते. एका नातेवाईक बाईंच्या घरी ती कित्येक वर्षे दार उघडे राहावे म्हणून टेकणाला लावलेली होती. मिशिगनच्या जेरल्ड फोर्ड नावाच्या गड्याने बर्वांगरला अडविताना डोळ्याखाली जी खूण कमावली, ती १९७४ साली राष्ट्राध्यक्ष होतानाही त्याच्या चेहऱ्यावर होती. आणि ज्या विद्यापीठाने हा वीर दिला, त्याचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ च्या डिसेंबरात फुटबॉलचा संघच मोडून टाकला. विद्यापीठाचे काम विद्येचे आहे, असे त्यांचे मत होते. मैदान ओस पडले. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९४२ रोजी, त्याच मैदानाच्या पश्चिमेकडील प्रेक्षागाराखालच्या एका खोलीत एन्रिको फर्मी यांनी अणूची पहिली नियंत्रित शृंखला-प्रक्रिया घडवून आणली. जगाचे भवितव्य पालटणाऱ्या या प्रयोगाला रिकामी बाके छत्र म्हणून लाभली. आज त्या मैदानाच्या जागी विद्यापीठाचे ग्रंथालय उभे आहे. शिकागोत फुटबॉल १९६९ मध्ये परत आला, परंतु पूर्वीचा थाट आला नाही.

आता पुन्हा मिनिॲपोलिसला, त्याच नॉर्थ्रप मैदानावर. बुधला सापडल्यास वीस वर्षे होत आली होती. १९२३ च्या ऑक्टोबरात आयोवा स्टेट कॉलेजचा संघ तेथे आला. त्यात जॅक ट्राइस नावाचा एकवीस वर्षांचा नीग्रो विद्यार्थी होता. ओहायोत जन्मलेला, पशुसंवर्धनशास्त्र शिकणारा, त्याच उन्हाळ्यात विवाह झालेला. त्या महाविद्यालयाच्या संघात उतरलेला त्याच्या वंशाचा पहिलाच खेळाडू. सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलात बसून त्याने हॉटेलच्याच कागदावर एक छोटेसे पत्र लिहिले. ते कोणास उद्देशून नव्हते. आपल्या वंशाची, कुटुंबाची आणि स्वतःची अब्रू उद्या पणास लागणार आहे, सर्वांची आपल्याकडून मोठी अपेक्षा आहे आणि ती आपण पुरी करू, असा त्याचा आशय होता.

६ ऑक्टोबरला सामना सुरू होताच त्याच्या गळपट्टीचे हाड मोडले. तो तसाच खेळत राहिला. तिसऱ्या डावात तो खाली पडला आणि प्रतिपक्षाच्या गड्यांच्या पायांखाली तुडविला गेला. मुद्दाम की ओघात, हा वाद आजही मिटलेला नाही. प्रवासास हरकत नाही असे ठरून त्याला आगगाडीतून गवताच्या गादीवर निजवून परत नेण्यात आले. ८ ऑक्टोबर रोजी शरीरांतर्गत रक्तस्रावाने त्याचे प्राणोत्क्रमण झाले. अंत्यविधीपूर्वी ते पत्र त्याच्या कोटाच्या खिशात सापडले, आणि महाविद्यालयाच्या अध्यक्षांनी हजारोंच्या समुदायापुढे ते वाचून दाखविले.

त्यानंतर पत्राचा मजकूर कोरलेला एक धातूचा फलक व्यायामशाळेत बसविण्यात आला, आणि त्यावर धूळ बसू लागली. बुधल्यावर दर सामन्याची गुणसंख्या नेमाने रंगविली जात होती, त्या काळात आयोवात हा फलक कोणी पुसलाही नाही. १९५७ मध्ये एका विद्यार्थ्याची नजर त्यावर पडली आणि त्याने विद्यार्थ्यांच्या मासिकात ती हकिकत छापली. १९७३ मध्ये तेथील विद्यार्थ्यांनी नव्या क्रीडांगणाला ट्राइसचे नाव द्यावे म्हणून चळवळ आरंभिली. चार वर्षांनी निघून जाणारी ही मुले. पण एका तुकडीने सोडलेले काम दुसरी उचलीत राहिली. १९८४ मध्ये अधिकाऱ्यांनी निम्मे ऐकले: खेळाच्या हिरवळीला त्याचे नाव दिले, इमारतीला दिले नाही. १९८८ मध्ये विद्यार्थ्यांच्या पैशाने त्याचा पुतळा उभा राहिला. १९९७ मध्ये संपूर्ण क्रीडांगणच जॅक ट्राइस या नावाने ओळखले जाऊ लागले.

आयोवा स्टेट आणि मिनेसोटा यांचे संघ त्या सामन्यानंतर एकमेकांसमोर उभे राहिले ते थेट १९८९ साली. पुतळ्यातील ट्राइसच्या काखेत चेंडू नाही. तो धावतही नाही. तो हातातले पत्र वाचीत उभा आहे.