फोनमधला शिंपी

आज गप्पा पक्ष्यांच्या, आणि त्याही धारावीतल्या. हसू नका. धारावी डेपोच्या समोर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे, ३७ एकरांचं. १९७७ पर्यंत तिथे मुंबईचा कचरा पडायचा. १९८३ मध्ये सालीम अलींच्या हातून पहिली झाडं लागली आणि १९९४ मध्ये उद्यान सगळ्यांसाठी खुलं झालं. एका बाजूला मिठी नदी, दुसऱ्या बाजूला लिंक रोडचे हॉर्न.

डिसेंबरातल्या एका रविवारी गेलो होतो. थंडी म्हणजे आपली मुंबईची, पंखा तीनवरून एकवर येण्याइतपत. आत शिरताच एका निष्पर्ण शेंड्यावर तांबट ऊन खात बसलेला दिसला. छोटासा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. मी मर्लिन ॲप चालू केलं, त्याला काहीच ऐकू येईना. येणार कसं? उन्हाळ्यात दिवसभर टुकटुक करणारा हा गडी हिवाळ्यात गप्प असतो. पाण्याच्या कडेला करडा धोबी शेपटी वरखाली करत किडे टिपत होता. हा हिमालयाकडून, त्याही पलीकडून आलेला पाहुणा.

आणि मग झुडपातून शिंप्याचा आवाज आला. टुविट टुविट टुविट, एकदम खणखणीत. बघतो तर आवाज एका मुलाच्या फोनमधून येतोय! त्याला फोटो हवा होता. खरा शिंपी आलाही, शेपटी उभारून, या फांदीवरून त्या फांदीवर, जीव खाऊन ओरडत. फोटो भारीच आला असणार.

पण त्या पक्ष्याला काय वाटलं असेल बघा. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय! तो शोधतोय, सापडत नाहीये, आणि आवाज थांबत नाहीये. शिंप्याचं वजन साधारण दहाच्या एका नाण्याएवढं. अंगातली चरबी रात्रभर ऊब टिकवण्यात खर्च झालेली. सकाळची वेळ पोट भरण्याची, ती तो एका स्पीकरशी भांडण्यात घालवत होता. आणि रविवारी अशी पाच-सहा जणं आली तर?

मी जाऊन त्या मुलाला म्हटलं, "दादा, दोन मिनिटं बंद करतोस का?" तो जरा चिडला. "काका, मी काय दगड मारतोय का?" (मी काका! असो.) मुद्दा त्याचा चुकीचा नव्हता, दगड दिसतो, आवाज दिसत नाही. मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याने फोन खिशात टाकला, बहुतेक मला कटवायला.

आम्ही तिथेच उभे राहिलो. शिंपी आणखी बराच वेळ ओरडत राहिला. मग खाली उतरला, पानामागून एक हिरवी अळी ओढून काढली. मुलगा हळूच म्हणाला, "काका, हलू नका."

त्याचा दुसरा फोटो मी पाहिलाय. थोडा हललाय, पण चोचीत अळी आहे.