आपल्या तालुक्यातले दगड



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी हमालांच्या मजुरीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयावर मी बाजार समितीच्या फाटकात बारा महिने बोलतच असतो. आज मी आपल्या तालुक्यातल्या जुन्या दगडांविषयी बोलणार आहे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि पोत्यांच्या थप्पीवर बसून. तेव्हा जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

आपल्याकडे पाहुणा आला की आपण त्याला वेरूळ-अजिंठ्याच्या गाडीत बसवून देतो. नेमगिरी गावापासून तीनेक किलोमीटरवर आहे. जैन बांधव तिथे दूरदूरच्या प्रांतांतून दर्शनाला येतात. आपल्यापैकी कितीजण गेले आहेत, हात वर करा, असे मी म्हणत नाही; चाळिशी उलटेपर्यंत मीही गेलो नव्हतो. तिथल्या लेण्यांची दारे इतकी बुटकी की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि आत पाहावे तो भल्या थोरल्या मूर्ती. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हमालाचा : हे आत आणले कसे? माल दारापेक्षा मोठा असेल तर तो आतच घडला, किंवा दार मागून आले. तिसरा मार्ग निदान आमच्या धंद्यात तरी कोणाला ठाऊक नाही. अंतरीक्ष पार्श्वनाथाची ती वजनदार मूर्ती तर एका लहानशा दगडावर टेकलेली आहे. भाविक त्याला चमत्कार म्हणतात. त्यांच्या श्रद्धेच्या आड मी येत नाही. पण शंभर किलोचे पोते पाठीवर घेतलेल्या माणसाला एवढे कळते की वजनाचा मध्य नेमका सापडला तर फार थोड्या आधारावर फार मोठे ओझे उभे राहते. तो मध्य ज्याने शोधला त्या कारागिरापुढे मी तिथे हात जोडले.

जालन्याच्या रस्त्याला चारठाणा आहे. तिथे जुनी देवळे आहेत, बारव आहे, आणि एक उंच दगडी स्तंभ आहे. त्याला कोणी दीपमाळ म्हणतात, कोणी मानस्तंभ. हे सगळे 'हेमाडपंती' असे म्हणून आपण मोकळे होतो. हेमाडपंत हा तेराव्या शतकातला, महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. अंबरनाथच्या देवळातला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा आहे. हेमाडपंताच्या दोनशे वर्षे आधीच्या त्या देवळालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात! मंत्र्याचे नाव असे मागे-पुढे पसरते. चुन्याशिवाय, एका दगडाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यात बसवून ज्यांनी भिंती उभ्या केल्या, त्यांची नावे मात्र कुठे नाहीत. येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले. पूर्णेच्या त्या पाण्यावर साडेबावीस मेगावॅट विजेची यंत्रे बसवली. माझ्या वडिलांनी तिथे दगड वाहिला. त्यांचेही नाव तिथे नाही, आणि ते असावे असे त्यांना कधी वाटलेही नाही. मला वाटते.

बारवेविषयी थोडे अधिक सांगतो. साध्या विहिरीला दोर लागतो. बारवेला पायऱ्या असतात. पावसाळ्यात पाणी वर असले तर चार पायऱ्या उतरायच्या, चैत्र-वैशाखात ते तळाला गेले तर चाळीस. पण कोणत्याही दिवशी माणसाचा हात पाण्याला लागतो. केवढा विचार आहे हा! अर्थात कोणाचा हात, हाही प्रश्न आहेच. १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना पाण्याची ओंजळ घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पायऱ्या बांधणाऱ्यांच्या लेकरांना त्या पायऱ्या उतरायला किती ठिकाणी बंदी होती, हे बारवेचे कौतुक करताना मी विसरू शकत नाही.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो. मी अठरा वर्षांचा होतो. चारठाण्याच्या बाजूला एका पडक्या देवळापाशी ट्रॅक्टर लावला होता. एका गृहस्थाच्या नव्या घराला पायाचे दगड हवे होते. आम्ही चौघांनी बारा-बारा रुपये रोजावर ते भरले. त्यात एक दगड होता, त्यावर नाचणारी बाई कोरलेली. पहार घालून तो मीच उचकटला. मुकादम म्हणाला, सपाट बाजू वर घ्या. आम्ही ती बाई तोंड खाली करून दाराची पायरी म्हणून बसवली. संध्याकाळी पैसे मोजून घेतले आणि भाकरी खाल्ली. त्या दिवशी मला काहीही वाटले नाही, हे मुद्दाम सांगतो.

पुढे पुस्तके वाचू लागलो तेव्हा ती पायरी मला टोचू लागली. पुष्कळदा त्या गल्लीतून जाताना मी दुसऱ्या बाजूने गेलो. मागच्या वर्षी घरमालकाच्या मुलाने जुने घर पाडायला काढले. मी जाऊन सगळे सांगितले. तो हसला नाही. म्हणाला, काका, काढू या. आम्ही दगड उलटा केला. वरची बाजू येण्याजाण्याने झिजून गुळगुळीत झाली होती. बाईचा चेहरा मात्र जमिनीकडे असल्यामुळे जसाच्या तसा होता, आणि कमरेपाशी एक टवका उडालेला होता. तो माझ्या पहारीचा.

दगड सध्या त्याच्या अंगणात लिंबाखाली आहे. जिथे कळवायचे होते तिथे लेखी कळवले, आणि तो गावच्या देवळाच्या आवारात नेऊन ठेवण्याची परवानगी आली आहे. येत्या रविवारी सकाळी सात वाजता तो हलवायचा आहे. सहा माणसे लागतील. पहारी आणि दोर मी आणतो. कोणाकडे सागाचे गोल ओंडके असतील तर त्यांनी ते आणावेत, म्हणजे दगड ओढताना आणखी टवका उडणार नाही.