आत्याचा आजारही सांगा


दापोडीतल्या माझ्या बहिणींनो, आज थोडं स्तनाच्या कर्करोगाविषयी.

डॉक्टर विचारतात, "घरात कुणाला होता का?"
आपण आई, मावशी, आजी आठवतो…
आत्या राहूनच जाते.
पण जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो!

बीआरसीए एक आणि बीआरसीए दोन,
अशी दोन जनुकं आहेत.
पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करायला ती मदत करतात.
त्यांत दोष आला, की दुरुस्ती अपुरी पडते.
धोका वाढतो…
कर्करोग होतोच, असं मात्र नाही.

दोष कोणत्या जनुकात, त्यावर गाठीचं स्वरूपही बदलतं.
'एक'मध्ये दोष असेल,
तर गाठ अनेकदा कमी वयात येते.
ती बऱ्याचदा 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारची असते.
म्हणजे तिला हार्मोनच्या गोळ्या लागू पडत नाहीत.
'दोन'मध्ये दोष असेल,
तर त्या गोळ्यांचा बहुतेकदा उपयोग होतो.
या जनुकांची तपासणी उपचार ठरवायलाही कामी येते.

खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्ये,
यासाठी खास क्लिनिक आहे.
आधी समुपदेशन, मग रक्ताचा नमुना.
सरसकट सगळ्यांना ही तपासणी लागत नाही.
शंभर रुग्णांत पाच ते दहा जणींनाच हा आजार वारशाने आलेला असतो.
त्यामुळे घरात कुणाला नसला,
तरी गाठ हाताला लागताच डॉक्टरांना दाखवा.

पुन्हा सांगते…
दोष वडिलांकडूनही येतो.
आज घरी विचारा,
कुणाला झाला होता, कितव्या वर्षी?
आणि आत्याचं नाव विसरू नका.