आधी त्या मुलाला विचारा

आज ज्यांच्या हातात पदवी पडते आहे त्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

सहकारी म्हणते आहे, कारण उद्यापासून तुम्ही विद्यार्थी नाही. कोणी वॉर्डात सिस्टर किंवा ब्रदर म्हणून उभं राहील, कोणी फिजिओथेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी करेल, कोणी वाचा-उपचार, तर कोणी विशेष शाळेत शिकवेल. काम कुठलंही असो, एक मूल तुमच्या प्रत्येकाच्या वाट्याला येणार आहे. आईचा हात धरून ते ओपीडीत येईल. तुम्ही केस पेपर घ्याल आणि त्याच्या डोक्यावरून आईला विचाराल, "काय होतंय याला?" सगळी तपासणी संपेपर्यंत त्या मुलाच्या वाट्याला एकच वाक्य येईल, "आ कर."

मुलाला बौद्धिक अक्षमता असेल, स्वमग्नता असेल, तर आपल्याकडे हे हमखास घडतं. ते बदलावं, एवढंच मागायला मी आज इथे आले आहे.

कोणत्या मुलांबद्दल बोलते आहे ते आधी सांगते. काही मुलांना एकूणच समजायला, शिकायला, रोजचे व्यवहार सांभाळायला जास्त वेळ आणि जास्त मदत लागते. ती बौद्धिक अक्षमता. काही मुलांची बुद्धी उत्तम असते, पण वाचन, लेखन किंवा गणित अडतं. ती अध्ययन अक्षमता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये ज्या 21 अक्षमता दिल्या आहेत, त्यांत या दोन्ही वेगवेगळ्या नोंदवल्या आहेत. दोन्हींच्या गरजा निराळ्या. पण मोठी माणसं या मुलांविषयी त्यांच्यासमोरच बोलतात आणि त्यांच्याशी बोलायचं राहून जातं, हे दोघांच्याही बाबतीत होतं.

याच कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की दिव्यांग मुलांना त्यांच्यासंबंधीच्या सगळ्या बाबतीत, इतर मुलांच्या बरोबरीने, आपलं मत मोकळेपणी मांडण्याचा हक्क आहे. आणि ते मांडता यावं म्हणून वय आणि अक्षमता लक्षात घेऊन त्यांना आधार देणं हे शासनाचं आणि स्थानिक संस्थांचं काम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात 1989 पासून हेच आहे आणि 1992 मध्ये आपल्या देशाने तो करार स्वीकारला. उपचाराला कायदेशीर संमती पालकांचीच लागते, यात वाद नाही. पण सही पालकांची म्हणजे मुलाचं मत शून्य, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही.

आणखी एक विसंगती पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, 7 वर्षांवरच्या मुलाला संशोधनात घ्यायचं तर पालकांच्या संमतीबरोबर मुलाचाही होकार लागतो; 12 वर्षांपर्यंत तोंडी, पुढे लेखी. म्हणजे अभ्यासासाठी रक्त घ्यायचं तर मुलाला विचारायचं आणि उपचारासाठी घ्यायचं तर दोघांनी हातपाय धरायचे! आपल्या रोजच्या कामाची रीत संशोधनाच्या रीतीपेक्षा खालची का असावी?

न विचारण्याची किंमत काय असते, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. शिरूरच्या एका शासकीय वसतिगृहात राहणाऱ्या बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलींची आणि तरुणींची गर्भाशयं 1994 च्या फेब्रुवारीत पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. कारण सांगितलं गेलं ते असं, की त्यांना पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटनांनी आवाज उठवला, देशभर वाद झाला. त्या वादात डॉक्टर बोलले, अधिकारी बोलले, पालक बोलले, कार्यकर्त्या बोलल्या. ज्यांच्या पोटावर टाके पडले होते, त्यांना काय वाटलं हे मात्र कोणाला सांगता आलं नाही. आज 2016 च्या कायद्याच्या दहाव्या कलमानुसार, वंध्यत्व येईल अशी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. पण कलम आलं म्हणून पालकांची चिंता संपली नाही. वयात आलेल्या लेकीची आई आजही दबक्या आवाजात विचारते, "मॅडम, पिशवी काढून टाकता येईल का?" तिच्यावर रागावू नका. तिला कोणीच दुसरा मार्ग दाखवलेला नसतो. पॅड कसं लावायचं, कधी बदलायचं, कुठे टाकायचं, हे बाहुलीवर, चित्रांच्या पट्टीवर, कॅलेंडरवर लाल ठिपके देऊन बहुतेक मुलींना शिकवता येतं. काहींना महिने लागतात. पण त्यानंतर ती मुलगी आपल्या शरीराची काळजी स्वतः घेते, आणि आईलाही सुटल्यासारखं वाटतं.

मुलाला विचारण्यामागे हक्काचा प्रश्न आहेच. शिवाय चांगल्या उपचारासाठी ते लागतंच. मुलाकडे जी माहिती असते, ती दुसऱ्या कोणाकडेही नसते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये फिट्स येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. फिट्सच्या काही गोळ्यांनी झोप येते, काहींनी हिरड्या सुजतात. एकाग्रतेसाठी दिल्या जाणाऱ्या औषधाने भूक मरते. शाळेत बाई म्हणतात, "आळशी झालाय." घरी आजी म्हणते, "नखरे करतो, जेवत नाही." गोळी सुरू झाल्यापासून कसं वाटतंय, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. एखादं मूल अचानक डोकं आपटायला लागतं, चावायला लागतं, आणि आपण "वागणुकीचा प्रश्न" लिहून मोकळे होतो. दात किडलेला असू शकतो, कान फुटलेला असू शकतो, चार दिवस शौचाला झालेलं नसू शकतं. "कुठे दुखतं?" म्हणत त्याच्यापुढे माणसाच्या शरीराचं चित्र ठेवा, कधी कधी बोट नेमक्या जागी जातं.

इंग्लंडमधला ऑलिव्हर मॅकगोवन हा 18 वर्षांचा तरुण. त्याला स्वमग्नता, सौम्य बौद्धिक अक्षमता आणि फिट्सचा त्रास होता. 2016 मध्ये रुग्णालयात असताना त्याने आणि त्याच्या आईवडिलांनी बजावलं होतं की मनोविकारावरची औषधं देऊ नका, मागे त्यांचा वाईट परिणाम झाला होता. तरीही तसं औषध दिलं गेलं. त्याच्या मेंदूला गंभीर इजा झाली आणि त्याच वर्षी तो गेला. पुढे 2022 मध्ये तिथे कायदा झाला आणि आरोग्य व काळजी सेवेतल्या कर्मचाऱ्यांना बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता यांचं प्रशिक्षण देणं बंधनकारक ठरलं. त्या प्रशिक्षणाला आज ऑलिव्हरचं नाव आहे.

आता कसं विचारायचं ते. हे कौशल्य आहे, शीर शोधण्याइतकंच शिकून घ्यावं लागतं.

पहिलं, वस्तू दाखवा. मास्क, बीपीचा पट्टा, सुई काढलेली सिरिंज त्याच्या हातात द्या. आधी बाहुलीला इंजेक्शन द्या, मग आईच्या हाताला पट्टा बांधा. चार चित्रांची पट्टी करा: खोली, सुई, कापूस, घर. शेवटी घर आहे हे दिसलं की अर्धी भीती उतरते.

दुसरं, थांबा. प्रश्न विचारून झाला की मनात दहापर्यंत मोजा. या मुलांना प्रश्न पोचायला आणि उत्तर जुळवायला वेळ लागतो. आपण दोन सेकंदांत आईकडे वळतो, आणि मूल उत्तर देत नाही असं ठरवून टाकतो.

तिसरं, "हो" वर विश्वास ठेवायची घाई करू नका. मोठ्यांना खूश करायला ही मुलं पटकन हो म्हणतात. दोन पर्याय दिले तर शेवटचा शब्द उचलतात. म्हणून पर्यायांचा क्रम बदलून पुन्हा विचारा. मग म्हणा, "आता काय करणार आहोत, ते तू आईला सांग." त्याने सांगितलं तर समजलं, नाही तर आपल्याला पुन्हा समजवायचं आहे.

चौथं, बोलता न येणाऱ्या मुलालाही मत असतं. नजर, मान वळवणं, हात ढकलणं ही उत्तरंच आहेत. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे ॲप चित्रावर बोट ठेवलं की बोलतं, मराठीतही बोलतं. मोबाईल नसेल तर वहीच्या पानावर काढलेली सहा चित्रंही चालतात.

आणि पाचवं, सगळ्यांत महत्त्वाचं. खोटा प्रश्न विचारू नका. "इंजेक्शन देऊ का?" असं विचारायचं, मूल "नको" म्हणालं की तरीही द्यायचं, यातून ते मूल काय शिकतं? आपल्या "नको"ला काही किंमत नाही, हे. ज्या मुलाला लहानपणापासून असं शिकवलं जातं, ते पुढे शरीराला हात लावणाऱ्या कोणालाच नको म्हणत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा दिव्यांग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची मदत घेण्याची तरतूद करतो. पण "नको" म्हणायचं धैर्य कायदा देऊ शकत नाही, ते रोजच्या वागण्यातून येतं. तेव्हा जे करावंच लागणार आहे ते सरळ सांगा: "रक्त घ्यावं लागेल, थोडं दुखेल." आणि जे त्याच्यावर सोडता येतं ते खरोखर सोडा: कुठल्या हाताचं, मांडीवर बसून की खुर्चीत, बघणार की तोंड फिरवणार.

अध्ययन अक्षमतेच्या मुलांचं वेगळं. महाराष्ट्रात 1996 पासून दहावीच्या परीक्षेत त्यांना सवलती आहेत: जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर अशा. प्रमाणपत्रासाठी पालक रुग्णालयाच्या खेपा घालतात, शाळा अर्ज भरते. पण चाचण्यांच्या अहवालात काय आहे, हे ज्याच्यावर त्या चाचण्या झाल्या त्याला बहुधा कोणी सांगत नाही. तो स्वतःला "ढ" समजत राहतो. अहवाल त्याच्यासमोर उघडा. सांगा, "तुझी बुद्धी चांगली आहे, अक्षरं वाचताना तुला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात, म्हणून ही मदत." मग विचारा, यातली कोणती हवी? एखाद्याला लेखनिक नको असतो, मित्र चिडवतील म्हणून, पण जादा वेळ चालतो. सवलत त्याची आहे. ती कशी वापरायची, हे ठरवताना त्याचा शब्द असलाच पाहिजे.

आता दोन हरकती. पहिली तुमच्या मनातली: वेळ कुठे आहे? सिव्हिलच्या ओपीडीतली रांग मला ठाऊक आहे. पण घाबरलेल्या मुलाला चौघांनी धरून सलाईन लावायला, सुटलेली सुई पुन्हा लावायला आणि पुढच्या खेपेला दारातच सुरू होणारं रडणं थांबवायला जो वेळ जातो, तो कधी मोजला आहे? दुसरी हरकत पालकांची: "त्याला काय कळतंय?" इथे आईवडिलांना बाजूला सारू नका. मुलाची भाषा सगळ्यांत जास्त तेच जाणतात. त्यांना म्हणा, "आधी त्याला विचारते, मग तुम्ही सांगा." किती कळतं, हे विचारल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही आणि त्यांनाही.

हे सगळं लहानपणीच सुरू करायला हवं, कारण 18 वर्षं पूर्ण झाली की प्रश्न वेगळा होतो. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व मिळतं. पण 2016 चा कायदा मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडतो, ज्यात पालक आणि ती व्यक्ती मिळून निर्णय घेतात. ज्याला 18 वर्षांत कुठला हात हेसुद्धा कोणी विचारलं नाही, तो एकोणिसाव्या वर्षी शस्त्रक्रियेबद्दल मत कसं देणार? निवड करण्याची सवय कपड्यांपासून, जेवणापासून, गोळीच्या वेळेपासून लागते. 2013 मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे आज अंगणवाडीतच अनेक मुलांची तपासणी होते. अक्षमता लवकर कळते. मग त्या मुलाशी बोलणंही तितक्याच लवकर सुरू होऊ द्या.

तुमच्याकडे माझी मागणी तीन गोष्टींची आहे. मूल खोलीत आलं की पहिलं वाक्य त्याच्याशी बोला, त्याचं नाव घेऊन. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल असं काही बोलू नका जे त्याला सांगण्याची तुमची तयारी नाही. आणि केस पेपरवर, आईची तक्रार लिहिता त्याच्या खाली, "मुलाचं म्हणणं" अशी एक ओळ लिहा. ज्या दिवशी ती ओळ रिकामी राहील, त्या दिवशी ती का रिकामी राहिली याचं उत्तर वरिष्ठांना नव्हे, स्वतःला द्या. कोणत्याही शासन निर्णयाची वाट न पाहता हे उद्यापासून सुरू करता येतं. तुम्ही करा, तुमच्यामागून येणाऱ्यांना शिकवा.